आपद्धर्मात न बसलेलं दुखणं

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टीव्हीवरून एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली आणि पाठोपाठ याद्या निघू लागल्या. दूध चालू, किराणा चालू, बँका, पेट्रोलपंप, औषधांची दुकानं चालू; बाकी सगळं बंद. पुढे या याद्या वाढत गेल्या. ४ मेपासून दारूची दुकानं उघडू लागली, तेव्हा लागलेल्या रांगा सगळ्या राज्याने पाहिल्या. गर्दी आवरेना म्हणून मेच्या मध्यावर महाराष्ट्र सरकारने दारू घरपोच द्यायलाही मुभा दिली. संकटातली अशी यादी नुसता सरकारी कागद नसते. समाजाचं कशावाचून अडतं आणि कशावाचून तो चालवून घेतो, हे तिच्यात उघड लिहिलेलं असतं.

भिवंडी तालुक्यातलं खारबाव हे वसई रोड–दिवा रेल्वेमार्गावरचं, कामण रोड आणि भिवंडी रोडच्या मधलं स्टेशन. एका अंगाला खाडी आणि खाजणाची जमीन, दुसऱ्या अंगाला भिवंडीचे यंत्रमाग आणि गोदामं. भोवती आगरी-कोळ्यांची जुनी गावं, आदिवासी पाडे, वीटभट्ट्यांवर हंगामापुरती येणारी कुटुंबं. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सरकारी निकषाप्रमाणे असं एक केंद्र सपाट भागात तीस हजार आणि आदिवासी भागात वीस हजार लोकांसाठी असतं. या मार्गावर एरवीही गाड्या मोजक्याच. टाळेबंदीच्या तोंडावर देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या, तशा त्याही थांबल्या.

अशा गावातली कुठलीही एक बाई घ्या. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय. ताप-खोकला काही नाही. किंवा नवऱ्याला लघवीला जळजळ होतेय. किंवा पाळी चुकून दीड महिना झालाय आणि घरात आधीच तीन पोरं आहेत. एरवी तिने काय केलं असतं? भिवंडीच्या बाजाराला जाते म्हणाली असती, वज्रेश्वरीला नवस फेडायला निघाली असती, नाहीतर माहेरी चार दिवस राहून आली असती. आणि त्याच फेरीत, आपल्याला कुणी ओळखत नाही अशा दवाखान्यात दाखवून घेतलं असतं. खेड्यात लैंगिक दुखण्यांचा इलाज बहुतेक वेळा असाच, दुसऱ्या कामाच्या आडोशाने होतो. टाळेबंदीने गाड्या बंद केल्या, तसे हे बहाणेही बंद केले. बाजार नाही, देऊळ नाही, माहेर नाही. उरला एक रस्ता, आणि त्याच्या नाक्यावर पोलीस: ‘कुठे निघालात? काय होतंय?’ मागे उभी गावातलीच माणसं. ताप आलाय हे तिथे सांगता येतं, छातीत दुखतंय हेही सांगता येतं. हे दुखणं सांगता येत नाही.

कागदावर सोय होती. २५ मार्च २०२० लाच केंद्र सरकारने दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जाहीर केले. १४ एप्रिलला आरोग्य मंत्रालयाने जी मार्गदर्शिका काढली तिच्यात प्रजनन आरोग्याच्या सेवा अत्यावश्यक मानलेल्या होत्या. पण घरात फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. खोली एकच, आणि त्या खोलीत सासू समोर बसलेली. अशा घरात फोनवरून डॉक्टरला सांगायचं काय आणि कोणत्या आवाजात? इपास डेव्हलपमेंट फाउंडेशन या संस्थेने त्या काळात मांडलेला अंदाज असा होता की, टाळेबंदीच्या पहिल्या तीन महिन्यांत देशात सुमारे १८.५ लाख स्त्रियांना हवा तेव्हा, हवा तिथे गर्भपात करून घेता आला नसेल.

हा प्रश्न वरवर व्यवस्थेचा दिसतो. गाड्या, फोन, डॉक्टर पुरेसे असते तर तो सुटला असता असं वाटतं. पण दारूसाठी वाट काढणाऱ्या व्यवस्थेला या दुखण्यासाठी वाट का सुचली नाही, हे विचारलं की तो धर्मविचाराच्या अंगणात येतो. संकटात नियम सैल करावे लागतात. मग कोणते करायचे, कुणासाठी करायचे आणि ते ठरवायचं कुणी?

भारतीय परंपरेने हा प्रश्न फार आधी उघडपणे हाताळला आहे. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्मपर्व नावाचं एक आख्खं उपपर्व आहे. त्यातली विश्वामित्राची गोष्ट प्रसिद्ध आहे. बारा वर्षं पाऊस नाही, गावं ओस पडलेली. भुकेने कासावीस झालेला विश्वामित्र एका चांडाळाच्या वस्तीत शिरतो आणि रात्री त्याच्या झोपडीतली कुत्र्याची तंगडी चोरायला हात घालतो. चांडाळ जागा असतो. मग त्या अंधारात दोघांचा वाद रंगतो, आणि गंमत अशी की धर्माची बाजू चांडाळ लढवत असतो: ऋषी आहात, हे अभक्ष्य आहे, तपाचा नाश होईल. विश्वामित्राचं उत्तर सरळ आहे. आधी जगायला हवं. जगलो तर पुढे धर्म आचरता येईल. तो ते मांस घेऊन जातो, शिजवतो, खाण्याआधी देवांचा भाग काढतो, आणि पाऊस पडतो.

या कथेतून जीव वाचवणं हा सर्वांत वरचा नियम असा अर्थ काढला जातो, आणि तो बरोबरही आहे. मात्र कथेत सूट मिळते ती ऋषीला. त्या चांडाळाला कुणी विचारत नाही की बारा वर्षांच्या दुष्काळात तुझं काय चाललंय. २०२० मध्येही झालं ते याहून फार वेगळं नव्हतं. ज्याचं म्हणणं राज्यकर्त्यांच्या कानावर जात होतं त्याच्यासाठी नियम वाकले. कारखानदाराचं गेलं, दारूच्या महसुलाचं गेलं. ज्या दुखण्याचं नावच मोठ्याने घेता येत नाही, त्याची तक्रार कुणाच्या कानावर जाणार?

नाव घेता न येण्यामागे जुना वारसा आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापामुळे पुढच्या जन्मी कोणता आजार जडतो याची यादी आहे. सोनं चोरणाऱ्याची नखं कुजतात, मद्यपीचे दात काळे पडतात, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो, आणि गुरूच्या शय्येचा भंग करणाऱ्याला त्वचारोग जडतो. पुढे कर्मविपाकाच्या ग्रंथांनी ही यादी आणखी लांबवली. रोग हा जुन्या हिशोबाचा निकाल आहे, हा विचार आज कुणी ग्रंथ उघडून शिकत नाही. पण ‘काहीतरी केलं असेल म्हणूनच झालं’ हे वाक्य त्याच यादीतून घराघरात उतरलेलं आहे.

वैद्यकाची परंपरा या बाबतीत दुभंगलेली आहे. चरकसंहिता एकीकडे वैद्याने रोग्याशी मैत्रीने आणि करुणेने वागावं असं सांगते. दुसरीकडे तिच्याच विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना जे नियम घालून दिले आहेत, त्यांत राजाचा रोष असलेल्या माणसाला, दुराचारी माणसाला आणि नवरा किंवा पालक सोबत नसलेल्या बाईला औषध देऊ नये असंही आहे. दोन हजार वर्षं जुना तो नियम आज कुठल्याही दवाखान्याच्या भिंतीवर लावलेला नाही. तरी एकट्या बाईने गर्भपात करून घ्यायला जावं आणि ‘नवऱ्याला घेऊन या’ हे ऐकावं, असं अजूनही घडतं. कायद्याला नवऱ्याची सही लागत नाही. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या तरतुदीत धरलं आहे.

याच मातीत दुसरा विचारही आहे. भिवंडीपासून फार लांब नसलेल्या लोनाडला डोंगरात बौद्ध लेणं आहे. ते कोरणाऱ्यांच्या परंपरेत, विनयपिटकातल्या महावग्गात, एका आजारी भिक्षूची गोष्ट येते. पोट बिघडून तो स्वतःच्या मलमूत्रात पडलेला असतो. बाकीचे भिक्षू त्याच्याकडे फिरकत नाहीत, कारण तो कुणाच्या काही उपयोगी पडलेला नाही. बुद्ध येतात, आपला शिष्य आनंद याला पाणी आणायला सांगतात, स्वतः पाणी ओततात, आनंद त्याला धुतो, आणि दोघं मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवतात. मग भिक्षूंना सांगतात की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. हा आजार तुला कुठल्या दोषामुळे झाला, हे या प्रसंगात बुद्ध विचारत नाहीत; दुखणं काय आहे तेवढं विचारतात.

आधुनिक महाराष्ट्रात हा विचार कृतीत उतरवला तो फुले दांपत्याने. पुण्यात ब्राह्मण घरांतल्या तरुण विधवा घरातल्याच पुरुषांमुळे गरोदर राहायच्या आणि मग विहीर जवळ करायच्या किंवा मूल मारायच्या. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा इथेच ठेवा, असा सरळ व्यवहार होता. बाप कोण याची चौकशी नव्हती. तिथेच काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा या दोघांनी दत्तक घेतला, त्याचं नाव यशवंत. पुढे हा यशवंत डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातलं तेव्हा सावित्रीबाई त्याच्यासोबत रुग्णसेवेत उतरल्या, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. लोकांच्या लेखी पहिलं काम लज्जास्पद होतं आणि दुसरं वंदनीय. सावित्रीबाईंच्या लेखी दोन्ही एकच काम होतं.

त्याच प्लेगमध्ये सरकारची तऱ्हा उलट होती. १८९७ चा साथरोग कायदा झाला, पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालच्या सोल्जरांनी घरांची झडती घेतली, बायकांच्या अंगाला हात लावून गाठी चाचपल्या. २२ जूनला चापेकरांनी रँडला गोळी घातली, त्यामागे हा संतापही होता. त्याआधी १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने वेश्यांची सक्तीने तपासणी करून रोगी आढळलेल्यांना ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या गुप्तरोगांच्या इस्पितळात डांबलं जात होतं, ते गोऱ्या शिपायांना गर्मी-परमा होऊ नये म्हणून. त्या कायद्यात शिपायांच्या तपासणीची सक्ती नव्हती. १८८८ मध्ये तो कायदा मागे घेतला गेला. साथ आली की सत्तेला शरीरावर हक्क सांगायची सवय असते, आणि तो हक्क आधी दुबळ्या शरीरांवर सांगितला जातो.

साथरोगाचा तो १८९७ चा कायदा २०२० मध्येही लागू होता. पण शंभर वर्षांनंतरच्या सत्तेचा नमुना पाहायला गोव्याकडे वळावं लागतं. १४ फेब्रुवारी १९८९ ला डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. त्याने रक्तदान केलं होतं आणि त्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला म्हापशात क्षयरोग्यांच्या जुन्या, रिकाम्या आरोग्यधामात एकट्याला कोंडून ठेवलं. तो ६४ दिवस तिथे होता. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने १९९० मध्ये कायदा ग्राह्य धरला. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचं आरोग्य यांत समाजाचं पारडं जड ठरलं. डॉमिनिक १९९२ मध्ये गेला. जाण्याआधी त्याने एचआयव्हीबाधितांसाठी काम उभं केलं, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यापर्यंतची वाट अशा माणसांनी पाडली. संमतीशिवाय चाचणी नाही, नाव उघड करायचं नाही, भेदभाव करायला मनाई: १० सप्टेंबर २०१८ पासून हे लागू आहे.

या संघर्षाचं फळ टाळेबंदीत दिसलं. एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या एआरटीच्या गोळ्या तेव्हा बहुतेकांना दर महिन्याला केंद्रावर जाऊन आणाव्या लागत. टाळेबंदी सुरू होताच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने (नाको) दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला सांगितलं. सगळीकडे ते सारखं जमलं असं नाही, तरी निर्णय झाला आणि लगेच झाला. कारण या रोग्यांच्या पाठीशी कायदा होता, संघटना होत्या, तीस वर्षांचा आरडाओरडा होता. परमा झालेल्या माणसाची संघटना नसते. अंगावरून पांढरं जाणाऱ्या बायकांचा मोर्चा निघत नाही.

त्या बायका किती आहेत, हे महाराष्ट्रातूनच जगाला कळलं. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तेव्हा कुठलीही साथ नव्हती, गाड्या बंद नव्हत्या. संकटाने हा प्रश्न निर्माण केला नाही. आधीच अरुंद असलेलं दार त्याने लावून घेतलं एवढंच.

या दुखण्याचा इलाज महाग किंवा अवघड असता तर गोष्ट वेगळी होती. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत सरकारचं ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे लक्षणांवरून रंगाच्या पुड्या दिल्या जातात. लघवीच्या जागेतून किंवा गर्भाशयाच्या तोंडातून पू येत असेल तर करडी: अॅझिथ्रोमायसीन एक ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, एकदाच घ्यायचं. योनीतून पांढरं जात असेल तर हिरवी. जखम असेल तर पांढरी, तिच्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन. सोबत जोडीदाराचं औषध आणि निरोध. सगळं फुकट. अंगाला खाज आली, चट्टे आले की भिवंडी-वसईकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या अकलोली-गणेशपुरीच्या गरम कुंडांत उतरत आली आहेत, आणि कुंड कुणाची चौकशी करत नाही. मात्र कुंडाच्या पाण्याने उपदंश बरा होत नाही, पेनिसिलिनने होतो. चौकशी न करण्याचा कुंडाचा गुण पेनिसिलिन ठेवलेल्या खोलीत यायला हवा.

करड्या पुडीतल्या त्या अॅझिथ्रोमायसीनचं २०२० मध्ये काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. कोविडवर उपाय म्हणून देशभर त्याच्या पट्ट्याच्या पट्ट्या दिल्या गेल्या. वर्षअखेरीस ब्रिटनच्या मोठ्या चाचणीतून कळलं की रुग्णालयातल्या कोविड रोग्यांना त्याचा काही फायदा होत नाही. ज्या आजारावर ते नेमकं लागू पडतं, तो आजार असलेला माणूस मात्र नाक्यावर काय सांगायचं या विचाराने घरी बसला होता.

धर्मस्थळांनी या काळात पुष्कळ सैलपणा दाखवला, हे मान्य केलं पाहिजे. जून २०२० मध्ये भिवंडीत रुग्णालयात जागा मिळेनाशी झाली, तेव्हा शांतीनगरच्या मक्का मशिदीत कोविड रुग्णांसाठी खाटा पडल्या आणि कुणाचाही धर्म न विचारता प्राणवायू फुकट दिला गेला. देवळांनी, गुरुद्वारांनी अन्नछत्रं चालवली. जीव वाचवण्यासाठी निषिद्धही चालतं, हे तत्त्व इस्लामी न्यायशास्त्रात जरूरतीच्या नियमात आहे, जसं आपल्याकडे आपद्धर्मात आहे. आणि खारबावच्या रेल्वेमार्गाचं पश्चिमेचं टोक असलेल्या वसईत ज्या कॅथलिक धर्माची जुनी वस्ती आहे, त्याच्या सर्वोच्च गुरूनेही, पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी, २०१० मध्ये एका मुलाखतीच्या पुस्तकात एवढं म्हटलं की, देहविक्रय करणारा माणूस रोग पसरू नये म्हणून निरोध वापरत असेल तर ती नैतिक जबाबदारीच्या दिशेने पहिली पायरी असू शकते. चर्चचा गर्भनिरोधाला असलेला विरोध त्याने संपला नाही. पण माणसाचा जीव आणि नियम समोरासमोर आले की नियमाला थोडं सरकावं लागतं, हे कबूल झालं. तेव्हा कुठलाच धर्म इथे पूर्ण अडून बसलेला नाही. अडवते ती लाज, आणि तिला धर्माचं नाव फुकट मिळतं.

या लाजेशी महाराष्ट्रात समोरासमोर भिडले ते रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ मध्ये, लंडनला मेरी स्टोप्सने दवाखाना काढला त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ च्या जुलैपासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी संततिनियमनाच्या प्रचारापायी त्याआधीच गेली होती. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ चा खटला तर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता, आणि कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक शरीराबद्दल अडचण विचारतात आणि जाणकार उत्तर देतो, यात अश्लील काय, असा बाबासाहेबांचा मुद्दा होता. न्यायालयाला तो पटला नाही आणि कर्व्यांना दंड झाला. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव बाबासाहेबांच्या पक्षाने आणला, तोही फेटाळला गेला. विरोधात नुसते सनातनी नव्हते. गांधीजींनाही कृत्रिम साधनं मान्य नव्हती. १९३५-३६ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांच्याशी वाद घालून गेल्या, आणि ते संयमाच्या मतावर ठाम राहिले. संयम हा व्रताचा विषय आहे, ज्याला करायचा त्याने करावा. दुसऱ्याच्या औषधाची ती अट होऊ शकत नाही, हा कर्व्यांचा पक्ष होता आणि आजही तो खोडला गेलेला नाही.

यावर एक आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. प्राणवायूची खाट मिळेना, भिवंडीचं इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयच कोविडसाठी द्यावं लागलं, आशाताई घरोघर ताप मोजत होत्या. अशा वेळी जळजळ आणि पांढरं पाणी थोडं थांबलं तर काय बिघडलं? मरणाऱ्याला आधी, हे तत्त्व बरोबरच आहे. पण ते तत्त्व काय पाहतं? दुखणं किती गंभीर आहे, उशीर झाला तर किती नुकसान होईल, इलाजाला किती साधनं लागतील. या तिन्ही कसोट्यांवर करडी पुडी खाटेच्या आड येत नाही. तिला खाट लागत नाही, प्राणवायू लागत नाही. पाच मिनिटं आणि एक आडोसा लागतो. उशीर मात्र महाग पडतो. परमा मुरला तर गर्भनलिका बंद होऊन मूल होत नाही. गरोदरपणी उपदंश राहिला तर मूल पोटात दगावू शकतं. चुकलेल्या पाळीला तर आठवड्यांचं गणित आहे. ते टाळेबंदी उठायची वाट पाहत नाही.

दुसरा आक्षेप उघड कुणी बोलत नाही, पण तोच जास्त काम करतो: स्वतःच्या वागण्याने ओढवून घेतलेलं दुखणं आहे, त्याला रांगेत मागे ठेवलं तर अन्याय नाही. खारबाव काय किंवा गडचिरोली काय, यातल्या कितीतरी बायकांना हा आजार लग्नाच्या नवऱ्याकडून आलेला असतो, हे त्याचं अर्धं उत्तर. ते तिथेच थांबलं तर मात्र निर्दोष बाईला औषध आणि बाकीच्यांना नाही, अशी नवी यादी तयार होईल. पुरं उत्तर असं आहे की, औषधाच्या खिडकीवर वागणुकीचा निवाडा करायचा नसतोच. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडाचा कर्करोग आपण तपासतो, हेल्मेटशिवाय पडलेल्याला टाके घालतो. डॉक्टरला जोडीदारांची चौकशी करावीच लागते, कारण त्यांनाही औषध द्यायचं असतं. तो प्रश्न इलाजासाठी असतो. तोच प्रश्न कपाळाला आठ्या घालून विचारला की त्याचा खटला होतो.

कोविडने हा खटला पहिल्यांदाच सगळ्यांवर चालवला होता. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. कुठून आणला, कुणाला दिला, हे सोसायट्यांच्या गटांवर विचारलं गेलं. प्रतिष्ठित घरांतली माणसं खोकला दाबून बसली, तपासणी टाळू लागली, आजार लपवू लागली. गुप्तरोग म्हणतात त्या रोगाचा रोगी आयुष्यभर जे करतो, ते सगळ्या राज्याने काही महिने केलं. त्यातून समजूत वाढायला हवी होती. साथ ओसरताच लोक ते विसरले.

ज्यांना विसरणं परवडत नाही अशा, देहविक्रय करणाऱ्या बायका भिवंडीतच, हनुमान टेकडीला राहतात. टाळेबंदीत त्यांचा धंदा एका दिवसात बसला. रेशनकार्ड नाही, पत्त्याचा पुरावा नाही. २९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सगळ्या राज्यांना हुकूम दिला की देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्या. महाराष्ट्राने ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी महिना ५,००० रुपये आणि मुलं शाळेत असतील तर आणखी २,५०० रुपये जाहीर केले. या बायका शोधायच्या कशा? न्यायालयाने नाकोच्या नोंदींकडे बोट दाखवलं. म्हणजे ज्या यादीत त्यांची नावं रोगाच्या भीतीने लिहिली गेली होती, तीच भुकेच्या वेळी कामी आली, कारण नागरिक म्हणून त्यांची दुसरी यादीच कुणी केलेली नव्हती. १९ मे २०२२ च्या हुकमात याच प्रकरणात न्यायालयाने या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. गणिकेच्या पोटी जन्मलेल्या संत कान्होपात्रेला वारकरी पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळाच्या आवारात गेली कित्येक शतकं हात जोडतात. न्यायालयाला तिथे पोचायला २०२२ उजाडावं लागलं.

पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही, पण यादी आत्ता करता येते. सुरक्षा क्लिनिकची खोली कोविडसारख्या साथीतही दुसऱ्या कामाला द्यायची नाही. एआरटीप्रमाणे गर्भनिरोधक गोळ्या आणि निरोध तीन महिन्यांचे एकदम द्यायचे. गर्भपाताची सोय असलेलं एक रुग्णालय प्रत्येक तालुक्यात साथीबाहेर ठेवायचं. नाक्यावरच्या पोलिसाला ‘दवाखान्यात’ एवढं उत्तर पुरेसं आहे असा लेखी आदेश असायचा. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तशी खारबावच्या पंचक्रोशीतही आहे. तिच्या सभेत गटार आणि डासांच्या फवारणीबरोबर हे चार मुद्दे एकदा वाचले जावेत आणि इतिवृत्तात लिहिले जावेत. सभेला जाणाऱ्या वाचकांनी ते मांडावेत. तोवर एक नंबर मात्र घरातल्या भिंतीवर लिहून ठेवता येईल: १०९७. एचआयव्ही आणि लैंगिक आजारांबद्दल तिथे फुकट बोलता येतं, आणि फोन करणाऱ्याला नाव सांगावं लागत नाही.